गाथेच्या फायली आणि नेमस्पेसचा वाद

जुनं मराठी वाङ्मय एक्सएमएलमध्ये (मजकुराला कोनी कंसातल्या टॅगांच्या खुणा लावायची पद्धत) बसवायचं काम कुणी अंगावर घेतलं असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितेय. 2023 च्या जुलैत आम्ही त्यात पडलो तेव्हा मराठीतून यावर चार ओळीही हाताला लागल्या नाहीत. इंग्रजीत होतं ते बहुतेक वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एकमेकांवर वैतागलेल्या लोकांनी लिहिलेलं. आता काम उरकलंय. तपशील डोक्यातून जायच्या आत मांडून ठेवते.

मी ई-पुस्तकं बनवते. पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनाला तुकोबांच्या निवडक अभंगांचं ईपब हवं होतं आणि त्याच मजकुराची वेबसाइटही. आम्ही चौघं: प्रकाशक, संपादन करणाऱ्या बाई (निवृत्त प्राध्यापक, सगळं आयुष्य गाथेत गेलेलं), वेबसाइट करणारा नागपूरचा एक मुलगा आणि मी. तो मला ताई म्हणतो, मान डोलावतो आणि मग स्वतःचंच खरं करतो.

पहिल्याच बैठकीत बाईंनी अडचण पुढ्यात ठेवली. गाथा काही एक नाही. इंदुप्रकाश छापखान्यातून 1869 आणि 1873 साली दोन भागांत निघालेली गाथा, तिच्यावरून पुढे सरकारनं छापलेली, जिला सगळे सरकारी गाथा म्हणतात, विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा निराळी, देहूची निराळी. क्रमांक ज्याचे त्याचे. कीर्तनकार एका प्रतीतला आकडा सांगतात, ऐकणारा घरी येऊन दुसऱ्या प्रतीत तोच आकडा काढतो आणि समोर भलताच अभंग. "नुसता आकडा छापलात तर माझं नाव पुस्तकावर घालू नका," बाई म्हणाल्या. "कुठल्या गाथेतला, ते आकड्याला चिकटलेलं पाहिजे."

नेमस्पेसचा जन्म नेमक्या याच गरजेतून झाला. फेब्रुवारी 1998 मध्ये एक्सएमएल आलं आणि ज्याला हवे ते टॅग बनवायची मुभा मिळाली. मग 'टायटल' हे नाव एचटीएमएलमध्येही, चित्रांच्या एसव्हीजीमध्येही आणि पुस्तकाची माहिती लिहायच्या डब्लिन कोअरमध्येही. दोन शब्दसंग्रह एकाच फायलीत आले की कुठला टायटल कुणाचा? 14 जानेवारी 1999 ला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं नेमस्पेसचं मानक काढलं. त्यात नावाला एक यूआरएल जोडायचा, आणि तो दरवेळी लिहायला नको म्हणून त्याच्या जागी छोटं प्रिफिक्स, मग कोलन, मग नाव. कल्पना एवढीच. भांडणं पुढे झाली.

मला वाटलं आपलाही एक नेमस्पेस काढू, चार टॅग बनवू आणि मोकळं होऊ. मुलगा म्हणाला, "ताई, नेमस्पेस कधीच मेला. डेटा-ने सुरू होणारे अ‍ॅट्रिब्यूट वापरा, विषय संपला." (अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे टॅगच्या आतच लिहिलेली जास्तीची माहिती.) बाईंची मागणी तिसरीच. टॅग मराठीत हवेत, देवनागरीत. प्रकाशकांनी विचारलं, खर्च किती?

ऑगस्टभर मी नुसतं वाचत होते. हे जरूर करा, कारण आपण ज्यावर भांडतोय त्यावर आधीच कुणीतरी भांडून ठेवलेलं असतं. सगळ्यात उपयोगी पडलं ते 1999 सालचं प्रकरण. एक्सएचटीएमएल म्हणजे एक्सएमएलच्या नियमांत बसवलेलं एचटीएमएल. त्याच्या 1.0 च्या मसुद्यात तीन नेमस्पेस होते: काटेकोर, सवलतीचा आणि फ्रेमवाला असे तीन प्रकार, प्रत्येकाला वेगळा. म्हणजे परिच्छेदाचा तोच 'पी' टॅग तीन वेगळ्या नावांचा झाला. लोक खवळले, आणि 26 जानेवारी 2000 ला मानक पक्कं झालं तेव्हा तिन्हींना मिळून एकच नेमस्पेस राहिला, ज्याच्या पत्त्यात आजही 1999 आहे. एसव्हीजीच्या पत्त्यात 2000 आहे, गणितासाठीच्या मॅथएमएलच्या पत्त्यात 1998. भाषा किती बदलल्या, आकडे तसेच. त्यावरून आम्ही पहिला नियम लिहून टाकला: आवृत्ती बदलली म्हणून नेमस्पेस बदलायचा नाही. आधीच्या फायलींतल्या नावांचा अर्थच पालटला तर गोष्ट वेगळी.

दुसरं प्रकरण मुलाच्या बाजूचं. 2004 मध्ये ब्राउझरवाल्यांनी डब्ल्यूथ्रीसीच्या बाहेर व्हॉटडब्ल्यूजी हा गट काढला, त्यातून एचटीएमएल5 उभं राहिलं आणि 28 ऑक्टोबर 2014 ला डब्ल्यूथ्रीसीनंही ते पक्कं केलं. त्यात लेखकाला नेमस्पेस लिहावाच लागत नाही. पानात एसव्हीजी टाकलं की ब्राउझर स्वतःच ओळखून ते एसव्हीजीच्या नेमस्पेसमध्ये घालतो. मात्र आपला स्वतःचा नेमस्पेस जाहीर केलात तर त्याला काडीची किंमत नाही. कोलन हे नावातलं आणखी एक अक्षर, बस. आरडीएफए (पानातल्या मजकुराला अर्थाच्या खुणा लावायची पद्धत) काढणाऱ्यांना याचा फटका बसला होता. 2008 मध्ये त्यांनी प्रिफिक्स जाहीर करायला नेमस्पेसचीच घोषणा वापरली, आणि 2012 च्या 1.1 मध्ये त्यासाठी वेगळं 'प्रिफिक्स' नावाचं अ‍ॅट्रिब्यूट आणावं लागलं.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं तेव्हा मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होता. पण त्याचं अर्धंच खरं होतं. ईपबमधली पानं आजही एक्सएचटीएमएलमध्येच लिहावी लागतात, म्हणजे तिथे एक्सएमएलचे नियम जसेच्या तसे चालतात. आम्ही सुरुवात केली त्याच वर्षी, 25 मे 2023 ला, ईपब 3.3 पक्कं झालं होतं. त्यात स्वतःच्या नेमस्पेसमधली अ‍ॅट्रिब्यूट्स घालायची सोय आहे. अट इतकीच की नेमस्पेसच्या पत्त्याचं डोमेन डब्ल्यूथ्रीसीचं किंवा ईपबची जुनी संस्था आयडीपीएफचं नसावं.

सप्टेंबरात गणपती आटोपल्यावर आम्ही तिघांच्या तिन्ही कल्पना करूनच पाहायच्या ठरवल्या. नुसत्या चर्चेनं कुणी हलत नव्हतं.

आधी बाईंची. एका फायलीत कोनी कंसात 'अभंग' असा टॅग देवनागरीतच लिहिला, आत दोन ओळी टाकल्या आणि बंद केला. फाइल एक्सएचटीएमएल म्हणून जतन करून ब्राउझरमध्ये उघडली. टॅग दिसेनासा झाला, ओळी दिसल्या, म्हणजे ब्राउझरनं त्याला एलिमेंट (टॅगनं आखलेला मजकुराचा भाग) मानलं. बाई खुश. मग मुलानं तीच फाइल शेवटचं नाव बदलून साधी एचटीएमएल केली आणि पुन्हा उघडली. या वेळी पडद्यावर कंसासकट 'अभंग' हा शब्द मजकूर म्हणून छापला गेला. कारण एचटीएमएलच्या वाचकाला टॅगचं पहिलं अक्षर इंग्रजी ए ते झेडमधलंच लागतं. नाही मिळालं तर तो कंसालाही मजकूर समजतो. एक्सएमएलला मात्र देवनागरी नावं पहिल्यापासून चालतात. पळवाट आहे: कस्टम एलिमेंटचं नाव एका लहान इंग्रजी अक्षरानं सुरू करायचं, मध्ये हायफन ठेवायचा आणि पुढे देवनागरी लिहायची. ते चालतं. पण 'जी-अभंग' वाचून बाईंनी जे तोंड केलं त्यावरून तो पर्याय तिथेच निकालात निघाला.

मग माझी कल्पना. नेमस्पेसचं 'चाल' हे अ‍ॅट्रिब्यूट प्रिफिक्स लावून कडव्याच्या टॅगवर बसवलं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुष्कळांचा वेळ इथेच जातो: डीफॉल्ट नेमस्पेस जाहीर केला तरी तो अ‍ॅट्रिब्यूटला लागू होत नाही, फक्त एलिमेंटला होतो. प्रिफिक्स नसलेलं अ‍ॅट्रिब्यूट कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसतं. तेव्हा अ‍ॅट्रिब्यूट आपल्या मालकीचं करायचं तर प्रिफिक्सला पर्याय नाही. ते लावलं आणि विशिष्ट चालीचे अभंग वेगळ्या रंगात दाखवायला दोन ओळींचं सीएसएस (पानाच्या दिसण्याचे नियम) लिहिलं. ईपबमध्ये रंग आला. वेबसाइटवर नाही. वेबसाइटवर आणायचा तर कोलनच्या आधी उलटा तिरपा दांडा द्यावा लागतो, कारण तिथे कोलन हे नावातलंच अक्षर. ते केलं की वेबसाइटवर रंग येतो आणि ईपबमधला जातो. ईपबला कोलनच्या जागी उभा दांडा हवा, आणि सीएसएसच्या डोक्यावर नेमस्पेसची घोषणा. एकच मजकूर, एकच खूण, आणि स्टाइलशीट दोन! मुलगा काही बोलला नाही, नुसता खुर्चीत मागे रेलला.

त्याचं डेटा-अ‍ॅट्रिब्यूट दोन्हीकडे तसंच चाललं. वर आणखी एक गंमत निघाली: 'डेटा-' एवढं इंग्रजीत लिहून पुढे 'चाल' देवनागरीत लिहिलं तरी ते वैध आहे. एक्सएमएलला चालेल असं नाव आणि त्यात इंग्रजी मोठी अक्षरं नकोत, एवढ्याच अटी. बाईंना त्यांची देवनागरी मिळाली, ती ज्याच्याशी त्या महिनाभर वाद घालत होत्या त्याच्याकडून.

देवनागरी नावं वापरणार असाल तर एक पथ्य पाळा. नावात जोडाक्षर शक्यतो नको. नावांची तुलना अक्षराच्या संकेतांकानुसार होते, दिसण्यावरून नाही. कुणाच्या कीबोर्डातून मध्येच न दिसणारं जोडचिन्ह पडलं, किंवा ऱ एकानं अखंड आणि दुसऱ्यानं र-खाली-नुक्ता असा टाइप केला, तर डोळ्यांना एकसारखी दिसणारी दोन नावं संगणकाला वेगळी. आम्ही 'चाल', 'फड' असली सरळ नावं घेतली.

म्हणजे नेमस्पेस हरला? नाही. वाचकापर्यंत जाणाऱ्या फायलींत हरला. मूळ प्रतीचा प्रश्न उरलाच होता, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच. ईपब पाच-सात वर्षांनी पुन्हा बनवावं लागेल, वेबसाइट त्याआधीच पाडून नवी होईल. ज्या फायलींतून ही दोन्ही निघतात त्यांत कुठली माहिती कुणी ठरवलेल्या अर्थानं घातलीय, हे आमच्यापैकी कुणी नसतानाही कळायला हवं. डेटा-चं तसं नाही. ते ज्याच्या पानावर आहे त्याच्यापुरतं, आणि मानकही तेच सांगतं की ते त्या साइटच्या खासगी वापरासाठी आहे.

मूळ प्रतीसाठी आम्ही टीईआय घेतलं. हस्तलिखितं, काव्य, कोश यांच्यासाठी विद्यापीठांत वर्षानुवर्षं वापरात असलेला शब्दसंग्रह आहे हा. 2007 मध्ये पी5 ही आवृत्ती आली तेव्हापासून त्याला स्वतःचा नेमस्पेस आहे. ऑक्टोबरात बाई आणि मी एकेक मागणी घेऊन बसलो आणि टीईआयमध्ये तिच्यासाठी आधीच काही आहे का ते पाहत गेलो. ही बैठक आधी व्हायला हवी. नवं नाव काढायचं ते इथून काही उरलं तरच.

कडव्याला आणि ओळीला टॅग आहेत. छंदाला अ‍ॅट्रिब्यूट आहे. ध्रुवपदाला प्रकार देता येतो. 'तुका म्हणे' या नाममुद्रेला साधा तुकड्याचा टॅग आणि त्यावर प्रकार. आणि ज्या गाथांच्या क्रमांकांवरून हे सगळं रामायण सुरू झालं, त्यांच्यासाठी 'माइलस्टोन' नावाचा टॅग तयारच होता. त्यात प्रत कुठली, एकक कुठलं आणि क्रमांक किती हे तीन रकाने. एका अभंगावर तीन माइलस्टोन लावले की सरकारी, जोग आणि देहू तिन्ही आकडे आपापल्या प्रतीला चिकटून बसतात. बाईंनी चष्मा काढून विचारलं, "मग आपण जुलैपासून करत काय होतो?"

शेवटी टीईआयमध्ये न बसणारं उरलं ते फार थोडं: अभंगाची चाल, कुठल्या फडात ती म्हणतात, आणि भजनाच्या क्रमात त्याची जागा. वारकरी परंपरेतलं हे ज्ञान बाईंनी वह्यांमध्ये लिहून ठेवलेलं. एवढ्यापुरताच आमचा नेमस्पेस. टीईआयचीही शिस्त हीच आहे की स्वतःची भर घालायची तर ती स्वतःच्या नेमस्पेसमध्ये, त्यांच्या नाही.

आता त्याला नाव काय द्यायचं? इथे प्रकाशकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि सगळ्यात शहाणा प्रश्न विचारला. यूआरएल आमच्या डोमेनचा देणार, उद्या मी दुकान बंद केलं आणि डोमेन दुसऱ्यानं घेतलं तर? मानकाच्या नियमानं बोलायचं तर काहीच बिघडत नाही. नेमस्पेसचा यूआरएल हे नाव आहे, तिथे काही असलंच पाहिजे असं मानकात नाही. पण माणसं आणि सॉफ्टवेअर, दोघंही तो उघडून बघतात. डब्ल्यूथ्रीसीनं 2008 मध्ये जाहीर तक्रार केली होती की निव्वळ ओळखीसाठी लिहिलेल्या त्यांच्या पत्त्यांवरून डीटीडी (टॅगांचे नियम लिहिलेली फाइल) मागवणाऱ्या विनंत्या दिवसाला 13 कोटींपर्यंत जातात. आमच्यावर तेवढी गर्दी व्हायची नाही, पण तुकोबांच्या नावामागे उद्या ऑनलाइन जुगाराची साइट उघडली तर बाईंना चालणार नव्हतं. मुलाला तर आणखी एक शंका: पत्ता 'एचटीटीपी'नं सुरू करायचा की 'एचटीटीपीएस'नं? एकदा ठरलं की बदल नाही, कारण तुलना अक्षराला अक्षर लावून होते. एक 'एस' वाढला की तो दुसरा नेमस्पेस. ब्राउझर पत्त्याला काहीही म्हणो, नावात सुरक्षित-असुरक्षित असं काही नसतं. हे त्याला पटवायला अख्खा चहाचा थर्मास लागला.

डोमेन एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेऊन ठेवता येतं. हिशेब केला तर जीएसटी धरून दहा-बारा हजारांच्या घरात जात होता, आणि दहा वर्षांनी प्रश्न पुन्हा तोच. उपाय 2005 च्या आरएफसी 4151 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मिळाला. यूआरआय हे यूआरएलसारख्या नावांचं मोठं कुळ, आणि त्यात 'टॅग' नावाची एक जात आहे (कोनी कंसातल्या टॅगशी तिचा संबंध नाही). त्यात डोमेन, स्वल्पविराम, तारीख किंवा साल, कोलन आणि मग तुम्हाला हवं ते नाव. अर्थ असा की त्या तारखेला ते डोमेन ज्याच्या मालकीचं होतं त्यानं हे नाव दिलं. पुढे डोमेन गेलं तरी 2023 ची मालकी कुणी हिरावून घेऊ शकत नाही. ब्राउझरमध्ये ते उघडतच नाही, म्हणून एस-चा वादही नाही. प्रकाशकांनी विचारलं, पैसे? काही नाही म्हटल्यावर ठराव लगेच मंजूर.

तोटा सांगायला हवा: नाव पाहून कुणाला आणखी माहिती हवी असेल तर जायचं कुठे, ते नावात नाही. म्हणून प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटचा अर्थ आम्ही ओडीडी फायलीत मराठीतून लिहिला आणि तीच फाइल प्रत्येक संचासोबत ठेवतो. ओडीडी म्हणजे टीईआयमध्ये आपण काय वापरतो आणि काय भर घातली याचा दस्तऐवज. तो बनवायला टीईआयचं रोमा हे मोफत वेब-साधन आहे. त्यातून तपासणीसाठीची रिलॅक्स एनजी स्कीमाही निघते. नेमस्पेसचा रकाना मी नंतर हातानं भरला. नोव्हेंबर त्यात गेला, दिवाळी धरून.

डिसेंबर ते फेब्रुवारी नुसती मजुरी. पायथन भाषेतल्या एलिमेंटट्री या साधनानं काम करणार असाल तर लिहायच्या आधी प्रिफिक्स नोंदवून ठेवा. नाहीतर ते प्रत्येक टॅगला स्वतःच्या मनानं एनएस-शून्य, एनएस-एक अशी प्रिफिक्स लावून देतं. एक्सएमएलच्या दृष्टीनं फाइल तीच, पण बदल तपासायला बसलेल्या माणसाला प्रत्येक ओळ बदललेली दिसते. बाईंना तशी फाइल पाठवू नका.

मार्चमध्ये ईपबचेक. हे तपासणीचं साधन फुकट आहे, आणि बहुतेक पुस्तक-दुकानं फाइल घेण्याआधी तेच चालवतात. पहिल्या फेरीत आरएससी-016, म्हणजे फाइल वाचताच येत नाही अशी घातक चूक: 'ईपब' हे प्रिफिक्स कुठे बांधलेलंच नाही. मोठ्या फायलीचे विभाग करताना वरच्या टॅगवरची नेमस्पेसची घोषणा प्रत्येक तुकड्यात पुन्हा लागते. ती एखाद्याही तुकड्यात राहून गेली की हे येतं. मग एचटीएम-061. वेबसाइटकडून आलेल्या डेटा-नावांत इंग्रजी मोठी अक्षरं होती. एचटीएमएल ती गुपचूप लहान करून घेतं, ईपब घेत नाही. मुखपृष्ठाच्या पानात एसव्हीजी होतं पण पॅकेज फायलीत (पुस्तकातल्या सगळ्या फायलींची यादी असते ती) तसं नमूद नव्हतं, म्हणून ओपीएफ-014. चुका वरून खाली एकेक सोडवा, कारण पहिली घातक चूक गेली की तिच्यामागे लपलेल्या बाहेर येतात आणि आकडा आधी वाढतो. घाबरू नका.

एप्रिलमध्ये पुस्तक दुकानांत गेलं. खर्चाचं म्हणाल तर साधनांवर रुपयाही गेला नाही: रोमा, ईपबचेक, व्हीएस कोड सगळं मोफत. गेले ते तास. कोटेशन देताना चर्चेचे तास वेगळे धरा. मी धरले होते, प्रकाशकांनी कुरकुर करत का होईना दिले.

जूनमध्ये एका दुसऱ्या प्रकाशनानं आमची ओडीडी मागवली. त्यांना नामदेवांच्या अभंगांना चाली लावायच्या आहेत. नेमस्पेस आमचाच वापरायचा की त्यांनी स्वतःचा काढायचा, यावर आता पत्रं चालू आहेत. 'चाल'मध्ये त्यांना तालही लिहायचाय. बाई म्हणतात ताल ही वेगळी गोष्ट, त्याला वेगळं नाव द्या. माझंही तेच मत आहे. मुलगा म्हणतो, ताई, मी तेव्हाच सांगितलं होतं.